चिंबाला जिल्ह्यातलं शून्य

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आरोग्यमंत्री होऊन सात आठवडे झाले आणि आज मला सांगण्यात आलं की मला बोलता येत नाही. एकतीस वर्षं शाळेत बोलले, त्यातली चौदा मुख्याध्यापिका म्हणून, तेव्हा कुणाची टाप नव्हती! सांगणारे कोण, तर मिस्टर काफुवा. संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं मंत्र्याला तयार करून देणं हे खात्यात त्यांचं काम. नऊ मंत्री आले नि गेले, काफुवा आपले त्याच खुर्चीत. सदऱ्याला इस्त्री आणि चेहऱ्यालाही.

"मॅडम, 'करते' म्हणायचं नाही. 'शासन विचार करत आहे' म्हणायचं. आणि 'मी सभागृहाला आश्वासन देते' हे तर चुकूनसुद्धा नाही."

"का? जीभ झडेल माझी?"

"आश्वासन नोंदीत जातं, मॅडम. त्यासाठी वेगळी समिती आहे. ती दरवर्षी विचारते, झालं का. मंत्री बदलला तरी विचारते, सरकार पडलं तरी विचारते. एका मंत्रीसाहेबांनी भावनेच्या भरात तळ्यावर बोटीतला दवाखाना कबूल केला होता. ते वारले. मी अजून दरवर्षी त्या बोटीचं उत्तर लिहितो."

मला हसू आवरेना. त्यांचा चेहरा ढिम्म.

पुढच्या गुरुवारी माझा पहिला प्रश्नोत्तराचा तास. त्यांच्या मसुद्यांवर मी लाल पेन चालवला, अकरा स्वल्पविराम दुरुस्त केले. तेवढंच समाधान.

फलेसीनं चार दिवसांची रजा मागितली. अकरा वर्षं ती माझं घर सांभाळते, रजा मागायची म्हणजे नवलच. तिची धाकटी बहीण लिनेस बाळंत झाली, ११ तारखेला, तिकडे चिंबालात.

"दोघं सुखरूप ना गं?"

"बाळ बरं आहे, बाई."

मग भांडं घासता घासता विचारते, तुमच्या ओळखीत कुणाकडे शेळी मिळेल का हो? म्हटलं, अगं, बारसं आहे की लग्न! एवढा थाट? ती भांडंच घासत बसली. दमली असेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

प्रश्नांची यादी आली. प्रश्न क्रमांक २१४, विचारणारे सन्माननीय सदस्य गानिझानी म्बेंडेरा. हा आमचा गानिझानी! सातवीत माझ्या वर्गात होता, शर्ट कायम बाहेर. आता विरोधी बाकांवर बसतो आणि कडक कॉलर घालतो. चिंबाला जिल्ह्यात गेल्या वर्षी किती बायका दवाखान्याऐवजी घरी बाळंत झाल्या, असं त्याला हवंय.

आणि उत्तर काय असावं? शून्य! संपूर्ण जिल्ह्यात एकही नाही. माझा विश्वासच बसेना. तिथले मोठे मुखिया म्सोसा यांनी दोन वर्षांपूर्वी नियम केला: बाई घरी बाळंत झाली तर घरच्यांनी मुखियाला एक शेळी द्यायची. बायका तीन आठवडे आधीच दवाखान्याशेजारच्या प्रतीक्षाघरात येऊन राहतात म्हणे. शिस्त लागली की माणसं सुधारतात, हे मी जन्मभर सांगत आले.

काफुवांनी लिहिलं होतं, "दवाखान्यांच्या नोंदवह्यांनुसार शून्य." मी "नोंदवह्यांनुसार" खोडलं.

"तो शब्द राहू द्या, मॅडम."

"अहो, शून्य म्हणजे शून्य. गणितात कुणाच्या वहीनुसार नसतं ते."

"तरीही राहू दिला तर बरं."

"मिस्टर काफुवा, मी गणित शिकवलंय."

दुपारी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातून फोन आला. ८ मार्चला साहेब स्वतः चिंबालाला जाऊन मुखियांना पदक देणार आणि शेळीचा नियम सबंध देशाला लागू झाल्याचं जाहीर करणार. व्यासपीठावर दुसरी खुर्ची माझी. आईला लगेच फोन केला. ती चौऱ्याऐंशीची आहे, आत्तापर्यंत सगळ्या आळीला सांगून झालं असेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

फलेसी काल यायला हवी होती, आली नाही. न्सिमा मी ढवळली, गुठळ्याच गुठळ्या. देशाचं आरोग्य माझ्या हाती आणि मक्याचं पीठ ऐकेना.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गाजवलं! उगाच विनय कशाला, गाजवलं मी.

सभापतींनी २१४ पुकारला, गानिझानी उठला, मी वाचलं: "शून्य." आमच्या बाजूची बाकं वाजली. मग त्याचा पुरवणी प्रश्न. "मंत्री महोदयांनी चिंबालाला स्वतः जाऊन हे शून्य पाहिलं आहे का? पावसाळ्यात नदी भरते, दवाखाना एकोणीस किलोमीटरवर आहे, तेव्हा बाळं थांबतात का?"

मी उठून म्हटलं, "सभापती महाराज, सन्माननीय सदस्य सातवीत माझ्या वर्गात होते. तेव्हाही शून्य दिसलं की त्यांना वाटायचं, चूक बाईंचीच आहे." अख्खं सभागृह हसलं. विरोधकसुद्धा! सभापतींनी तोंडावर कागद धरला.

बाहेर जिन्यात त्यानं गाठलं. "बाई, मला हसा, हरकत नाही. पण एकदा जाऊन या ना तिथं. मोटारींचा ताफा न घेता."

"तू आधी कॉलरचं बटण लाव," म्हटलं. हार पचवता यायला हवी माणसाला.

प्रश्नोत्तराचा तास रेडिओवर लागतो, सबंध देशानं ऐकलं असेल. काफुवांना विचारलं, कसं झालं? म्हणाले, "मोठ्यानं झालं, मॅडम."

१ मार्च, शनिवार

सकाळी फलेसी आली. मी तिला फैलावर घ्यायच्या तयारीतच होते. चार म्हणून दहा दिवस? पण तिचा चेहरा बघून आधी पाणी दिलं. ती उंबऱ्यावरच बसली.

"लिनेसला ताप आहे, बाई. बाळ झाल्यापासून. घाण वास येतो. उठता येत नाही तिला."

"मग दवाखान्यात का नाही नेलं?"

"बाळ वाटेत झालं ना. दवाखान्यात निघाली होती ती, नदीला पाणी, मक्याच्या शेतातच झालं. नवरा दक्षिणेत खाणीवर. दवाखान्यात गेलं की विचारणार, कुठं झालं. मग शेळी. भावाकडे कोंबडीसुद्धा उरली नाही. शेळी दिल्याशिवाय बाळाच्या लसीच्या पुस्तिकेवर शिक्का मारत नाहीत मुखिया. म्हणून मागच्या खोलीत लपवलीय तिला."

"अठरा दिवस?"

"परवा तयार झाली होती यायला. मी म्हटलं, पाठीवर घेते, चल. तेवढ्यात शेजाऱ्यांच्या रेडिओवर तुमचा आवाज आला." फलेसी माझ्याकडे न बघता बोलत होती. "तुम्ही शून्य म्हणालात. लोक हसले ते पण ऐकू आलं. लिनेस म्हणाली, आता तर जाताच येणार नाही. माझ्यामुळे मंत्रीणबाईंचं शून्य मोडेल."

माझ्याकडे शेळी मागितली होती हिनं. मी बारशाची थट्टा केली. माझ्यासारखी मूर्ख बाई दुसरी नसेल या देशात.

सरकारी गाडी नको म्हटलं. माझी जुनी गाडी काढतेय. फलेसी पाणी भरून घेतेय, आम्ही निघतो आहोत.

२ मार्च, रविवार

चिंबालाच्या दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय.

लिनेस एकोणीस वर्षांची आहे. काल तिला उचलून गाडीत ठेवली तेव्हा अंगाचा लुगड्यातूनसुद्धा चटका बसत होता. बाळ मात्र गुटगुटीत, सारखं ओरडतंय. सिस्टर एमेली चिसाले इथल्या एकुलत्या एक सुईण. त्यांनी आम्हाला बघितलं आणि काही न विचारता म्हणाल्या, "मागच्या दारानं आणा." मला ओळखलं नव्हतं. डोक्याला फडकं होतं माझ्या.

सुई दिली, सलाईन लावलं. आज सकाळी म्हणाल्या, "उशीर झालाय, पण हातची गेलेली नाही. आणखी दोन दिवस अशीच राहिली असती तर नाही सांगता आलं असतं." आणि मग वही काढली. काय अक्षर! मोत्यासारखं. माझ्या समोर त्यांनी लिहिलं: ११ फेब्रुवारी, मुलगा, जन्मस्थळ दवाखाना.

"सिस्टर, हे खोटं आहे."

"हो."

"असं किती वेळा लिहिलंत?"

तेव्हा त्यांनी मला निरखून पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. "तुम्ही त्याच ना? रेडिओवरच्या?"

मी हो म्हटलं. त्या घाबरल्या, पण उत्तर दिलं. "महिन्याला आठ-दहा, पावसाळ्यात जास्त. मागच्या दारानं येतात. खरं लिहिलं तर शेळी. शेळीच्या धाकानं पुढची बाई येतच नाही. येत नाहीत त्यांतल्या सहा मातीत गेल्या, हे मला माहीत आहे. माहीत नसलेल्या किती, देव जाणे."

"प्रतीक्षाघर आहे ना?"

"आहे. तीन आठवडे आधी या, पीठ आणा, सरपण आणा, घरची पोरं नि शेत कुणाच्या तरी गळ्यात घाला. जिला जमतं ती येते." मग म्हणाल्या, "मॅडम, माझी नोकरी गेली तरी चालेल, असं काही मी म्हणणार नाही. चार लेकरं आहेत मला."

म्हणजे बायकांच्या भीतीतून आणि या बाईच्या मायेतून ते शून्य तयार झालं, आणि मी त्यावर टाळ्या घेतल्या.

दुपारी मुखिया म्सोसांकडे जाऊन आले. म्हातारा मनुष्य, खुर्ची मला दिली, स्वतः ओट्यावर बसले. मी रागानं भरून गेले होते, पण ते म्हणाले, "माझी मोठी मुलगी घरी अडली. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी दोन खड्डे खणले. एवढं झाल्यावर मी नियम केला. शेळ्या मी खात नाही, त्यांतूनच त्या प्रतीक्षाघराचं छप्पर झालं." मी म्हटलं, नियमाच्या भीतीनं बायका लपतात. ते म्हणाले, "कोण लपलं? कुणाची मुलगी?"

मी नाव सांगितलं नाही.

४ मार्च, मंगळवार

काफुवांना सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत ऐकत राहिले. मग तीन वाटा सांगितल्या. गप्प बसायचं. किंवा अधिवेशन संपल्यावर लेखी दुरुस्ती कागदांच्या गठ्ठ्यात मागे जोडायची, ती कुणी वाचत नाही. किंवा परवा सभागृहात निवेदन करायचं.

"निवेदन केलंत तर विचारतील, खोटी नोंद कुणी केली. नाव सांगितलंत तर नर्स जाईल. नाही सांगितलंत तर..."

"तर मी."

"शासन विचार करेल, मॅडम," म्हणाले. हा विनोद होता की काय कळेना.

दुपारी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातून बोलावणं. तिथल्या साहेबांनी चहा पाजला. "आठ तारीख होऊन जाऊ दे, मग काय हवं ते दुरुस्त करा. पदक घडवूनसुद्धा झालंय." पण आठ तारखेला तो नियम देशभर लागू होतो, त्याचं काय? प्रत्येक जिल्ह्यात एकेक शून्य तयार होईल, आणि प्रत्येक मागच्या दाराशी सिस्टर एमेली असेलच असं नाही.

खरं लिहिते, इथं कोण बघतंय. मला मंत्री राहायचं आहे. गाडीवरचा झेंडा आवडतो मला. लोक उभे राहतात ते आवडतं. विधवा मास्तरीण म्हणून आयुष्य गेलं, आत्ता कुठं आईनं मान वर केलीय. दोन तास मी स्वतःला पटवत होते की मंत्रिपदावर राहिले तरच बायकांचं भलं करता येईल. जवळजवळ पटलंच होतं.

संध्याकाळी काफुवांनी निवेदनाचा मसुदा आणला. न मागता! दारात घुटमळले. "मॅडम, तो शब्द राहू द्या म्हणून मी भांडायला हवं होतं. मी कधी कुणाशीच भांडलो नाही." मी म्हटलं, अहो, खोडला मी.

गंमत म्हणजे मसुद्यात चूक निघाली. शेवटच्या परिच्छेदात चक्क "मी सभागृहाला आश्वासन देते" असं टाईप झालंय! एवढा जपणारा माणूस, पण वय झालं बिचाऱ्यांचं. मी दाखवली नाही, उगाच ओशाळले असते. आणि ते वाक्य मला हवंच आहे.

६ मार्च, गुरुवार

निवेदन केलं.

"सभापती महाराज, प्रश्न २१४ ला मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. चिंबालातल्या घरच्या बाळंतपणांची संख्या शून्य नाही. ती किती आहे हे मला माहीत नाही, कारण दंडाच्या भीतीनं बायका ती सांगू शकत नाहीत." आमच्या बाकांवर असा सन्नाटा, जणू मी कुणाच्या मरणाची बातमी वाचतेय. माझा आवाज मात्र शाळेतला निघाला.

मग काफुवांचा शेवटचा परिच्छेद. "मी सभागृहाला आश्वासन देते की बाळ कुठं जन्मलं यावरून कुठल्याही दवाखान्यात बाईला परत पाठवलं जाणार नाही. दंडासाठी तिचं नाव कुणालाही कळवलं जाणार नाही. आणि जुनी नोंद दुरुस्त करणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई होणार नाही." याचं परिपत्रक सकाळीच सही करून सगळ्या जिल्ह्यांना पाठवलंय, तेही सांगितलं.

आमच्याच पक्षाचा एकजण ओरडला, "खोट्या वह्या लिहिल्या कुणी? नाव सांगा!"

"उत्तर मी दिलं. तपासून घेणं माझं काम होतं."

"नाव!"

"माझं नाव लेझिना काम्फाटा. लिहून घ्या."

तीनदा विचारलं, तीनदा तेच सांगितलं. मग गानिझानी उठला. म्हटलं, आता हा सातवीपासूनचा हिशेब चुकता करणार. पण तो म्हणाला, "मंत्री महोदया आपलं आश्वासन पुन्हा एकदा वाचतील का? नोंद घेणाऱ्यांना गोंधळात शब्द न् शब्द मिळाला नसेल." सातवीतही याला पहिल्यांदा सांगितलेलं कधी ऐकू येत नसे. मी पुन्हा वाचलं, हळू आणि खणखणीत. कोपऱ्यातल्या अधिकाऱ्यांच्या बाकावर काफुवा बसले होते. सारखा चष्मा पुसत होते. त्यांना डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवायला हवं.

७ मार्च, शुक्रवार

एक वाजताच्या बातम्यांत कळलं. "श्रीमती काम्फाटा यांना पदमुक्त करण्यात आलं आहे." फोन नाही, चिठ्ठी नाही, मक्याच्या भावाच्या आधी. फलेसी धावत येऊन रेडिओ बंद करायला लागली. म्हटलं, राहू दे, भाव ऐकू दे.

दोन वाजता गाडी नेली. ड्रायव्हरनं आधी झेंडा उतरवून घडी घातली आणि खिशात ठेवला.

मला काही वाटलं नाही. जेवले नाही, पण उकडतच इतकं होतं. आईला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं, तू वाळली होतीस."

चिंबालाचा समारंभ पावसामुळे पुढे ढकललाय, असं नंतर रेडिओवर सांगितलं. इथं तर ऊन आहे.

११ मार्च, मंगळवार

काफुवा आले होते, माझी टेबलावरची पुस्तकं घेऊन. नवीन मंत्र्यांनी पहिल्याच दिवशी परिपत्रक मागे घ्या म्हणून सांगितलं म्हणे. काफुवा त्यांना म्हणाले, "घेता येईल, साहेब. फक्त आश्वासन नोंदीत दोनदा गेलंय. ते का मोडलं, हे आपल्याला सभागृहात उभं राहून सांगावं लागेल. रेडिओवर." साहेबांनी फाईल मिटली.

"म्हणजे तुमच्या त्या टाईपच्या चुकीचा फायदाच झाला की!" मी म्हटलं.

काफुवा पहिल्यांदा हसले. का ते सांगेनात. दोन कप चहा घेऊन गेले.

१९ मार्च, बुधवार

सिस्टर एमेलींचं पत्र आलं, लिनेसच्या भावाच्या हाती. लिनेस घरी गेली, चालते, बाळाला दूध पुरतं. फलेसी ओट्यावर बसून पत्र मोठ्यानं वाचत होती, मी शेंगा सोलत होते.

सिस्टरांनी सोमवारी मागचं दार लावून घेतलं आणि पुढचं उघडलं. परिपत्रक दारावर चिकटवलं. दुपारपर्यंत कुणीच आलं नाही. मुखिया म्सोसा येऊन झाडाखाली बसले, त्यामुळे तर बायका कुंपणापाशीच थबकल्या. मग एकजण पुढं झाली, मुखियांच्या समोरून. त्यांनी मान खाली घातली. कुणाची मुलगी, असं विचारलं नाही. मागून बाकीच्या आल्या. नोंदवहीत "घरी" असा रकानाच नाही, म्हणून सिस्टरांनी पट्टीनं आखला. पहिल्या दिवशी सव्वीस नावं लिहिली.

"बाई, ही तर आमची चुलती," शेवटच्या नावापाशी थांबून फलेसी म्हणाली. "हिचं धाकटं तर कधीचं झालंय!"

पुढं लिहिलं होतं की ही चुलती शेवटी आली, संध्याकाळी दार लावताना. एकोणीस किलोमीटर. सिस्टरांनी विचारलं, बाळ कुठंय? तिनं बोटाला धरलेली दोन वर्षांची पोर पुढं केली. दंडाच्या भीतीनं कुठल्याच वहीत नाव नव्हतं तिचं, एक लस नाही, पुस्तिका नाही. पोर वाटेत थोडी स्वतः चालली म्हणे, बाकी पाठीवर.

"कुठं जन्मली?" सिस्टरांनी विचारलं.

"घरी," चुलती म्हणाली. आणि सिस्टर लिहायला वाकल्या तेव्हा, आत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली, "घरी झाली. लिहा."

फलेसीला पुढचं वाचवेना, मला शेंगा दिसेनात. रडलो दोघी, चांगल्या मोकळ्या रडलो.